पडद्यावरची हजेरी

न्यायालयाच्या आवारात ज्याने पस्तीस वर्षे काढली, त्याच्या दृष्टीने 'हजर' हा शब्द साधा राहत नाही. सकाळी न्यायाधीश आसनस्थ झाले की शिपाई दाराशी येतो, वादी-प्रतिवादींच्या नावांचा पुकारा करतो, आणि तिसऱ्या पुकाऱ्यापर्यंतही जो पुढे आला नाही त्याच्या नावापुढे रोजनाम्यात 'गैरहजर' एवढे एक पद लिहिले जाते. त्या एका पदापायी वडिलांनी दाखल केलेला आणि मुलाने चालवलेला दावा काढून टाकला गेल्याचे, किंवा राहत्या घरावर एकतर्फी हुकूमनामा झाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. हजर असणे म्हणजे त्या दालनात, त्या घटकेला, सदेह उभे असणे, ही समजूत माझ्या मनात इतकी घट्ट रुजलेली होती की, २०२४ च्या ऑगस्टमधील दुसऱ्या शनिवारी मी माझ्याच कचेरीत, माझ्याच खुर्चीवर बसून एका परिसंवादाला प्रथम 'हजर' राहिलो, तेव्हा त्या शब्दाचा अर्थ मला नव्याने शोधावा लागला. त्या अडीच तासांची हकीकत येथे जरा विस्ताराने सांगतो. कारण तालुक्याच्या गावी व्यवसाय करणारे कितीतरी डॉक्टर, शिक्षक, लेखापाल आणि ग्रंथपाल अजून या पहिल्या अनुभवापाशी येऊन थबकलेले मला ठाऊक आहेत.

परिसंवादाचे निमित्त गंभीर होते. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे अमलात आले, आणि १८६० ची दंडसंहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता व १८७२ चा पुराव्याचा कायदा यांची जागा त्यांनी घेतली. ज्या कलमांचे आकडे आम्हा वकिलांनाच काय, पण बाजारात बसणाऱ्या माणसालाही तोंडपाठ होते, ते एका रात्रीत बदलले. फसवणुकीचे चारशेवीस आता तीनशेअठरा झाले, आणि खुनाच्या शिक्षेचे तीनशेदोन एकशेतीनवर आले. आकडे पाठ करणे फारसे अवघड नसते. अवघड होते ते पुराव्याच्या नव्या कायद्यातील कलम ६३, कारण मोबाइलमधील संभाषण, दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण, व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोप हे सगळे न्यायालयासमोर कसे मांडायचे याचा विधी त्या एका कलमात सांगितलेला आहे, आणि आज असा दावा क्वचितच सापडेल की ज्यात पक्षकार खिशातून फोन काढून ''वकीलसाहेब, सगळं यात आहे'' असे म्हणत नाही.

पूर्वी अशा वेळी आमची गत काय होती, हेही सांगितले पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या गावी बाररूममध्ये काचेची दोन कपाटे आहेत. नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'चे बांधीव खंड त्यांत आहेत, त्यांतील काही खंडांना दमट हवेने बुरशी धरलेली आहे, आणि नवा अंक पोस्टाने येईपर्यंत निकालाची शाई वाळून बराच काळ लोटलेला असे. कायद्यातील मोठे अभ्यासक बोलायचे ते मुंबईला किंवा पुण्याला; त्यांना ऐकायचे तर रात्रीची एस. टी. धरावी, पहाटे उतरावे, कोणा नातेवाइकाकडे अंघोळ उरकावी, दिवसभर ऐकावे आणि पुन्हा रात्रीच्याच गाडीने परतावे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून विद्वानाच्या मुखातून प्रत्यक्ष ज्ञान ऐकण्याची जी आवड महाराष्ट्राला लागली तिचा मला मनापासून अभिमान आहे. परंतु ती आवड ज्यांना पुरवता आली ते बहुधा शहरात राहणारे होते, ही वस्तुस्थिती आहे. पस्तीस वर्षांत मी स्वतः असे प्रवास जेमतेम सहा केले. प्रत्येक वेळी दोन दिवसांच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या, आणि तारीख पुढे गेली की त्याचा भार पक्षकारावर पडतो.

म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एका व्यावसायिक संस्थेचे निमंत्रण आले, आणि त्याखाली निळ्या अक्षरांची एक ओळ दिसली, तेव्हा मी माझ्या कचेरीतील तरुण सहकारी वकील बाईंना बोलावून ती ओळ म्हणजे काय ते समजावून घेतले. तिला लिंक म्हणतात. ती दाबली की प्रथम नावनोंदणीचा तक्ता उघडतो, त्यात नाव, गाव, व्यवसाय आणि ई-मेलचा पत्ता भरायचा असतो, आणि मग ई-मेलवर दुसरी एक लिंक येते, जी केवळ आपल्यापुरती असते. ही दुसरी लिंक हेच प्रवेशपत्र. ती दुसऱ्याला पाठवू नये, आणि परिसंवादाच्या दिवशी शोधाशोध नको म्हणून आदल्या दिवशीच हाताशी काढून ठेवावी, हे त्यांनी मला बजावून सांगितले. ऑनलाइन बैठक आणि वेबिनार यांतील भेदही तेव्हाच कळला. बैठकीत सगळेच एकमेकांना दिसतात आणि बोलू शकतात. वेबिनारमध्ये बोलतात आणि दिसतात ते फक्त वक्ते आणि सूत्रधार, श्रोत्यांचे चेहरे पडद्यावर येत नाहीत, आणि श्रोत्याला बोलायचे असेल तर त्याने खूण करून अनुमती मागायची असते. न्यायालयाची शिस्त ज्याच्या अंगवळणी पडलेली आहे त्याला हा दुसरा प्रकार फारसा परका वाटत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही तालीम घेतली. या तालमीची मला आधी गरज वाटत नव्हती. आता मात्र पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला ती आवर्जून घ्यायला सांगतो. माझे टेबल खिडकीकडे पाठ करून मांडलेले असल्याने पडद्यावर माझा चेहरा केवळ काळी आकृती दिसत होता, कारण कॅमेरा मागच्या उजेडाशी जुळवून घेतो आणि पुढचे माणूस अंधारात टाकतो. आम्ही टेबल फिरवले, उजेड समोरून आला, आणि चेहरा दिसू लागला. लॅपटॉप खाली असल्यामुळे कॅमेरा हनुवटीकडे पाहत होता, तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या दोन जाड खंडांवर ठेवल्यावर डोळ्यांच्या पातळीला आला. मग बाई पलीकडच्या खोलीत त्यांच्या फोनवर बसल्या आणि मी बोलू लागलो.

''सर, तुम्ही माझ्याकडे बघतच नाही आहात,'' त्या म्हणाल्या.

''तुमच्याकडेच तर बघतोय.''

''पडद्याकडे बघताय. कॅमेऱ्याकडे बघून बोला, म्हणजे समोरच्याला वाटतं आपल्याशी बोलताहेत.''

चेहरा पाहायचा तर पडद्याकडे पाहावे आणि आपण त्याच्याकडे पाहतो आहोत हे त्याला कळायचे तर त्या बारीक काळ्या ठिपक्याकडे पाहावे, अशी ही रचना आहे. साक्षीदाराची नजर वाचण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला ही गोष्ट मनाला लागल्याशिवाय राहत नाही.

हेडफोनचेही तसेच. मी प्रथम तो नको म्हणालो. पण लॅपटॉपच्या स्पीकरमधून बाहेर पडलेला पलीकडच्या माणसाचा आवाज माझ्याच मायक्रोफोनने पुन्हा उचलला, आणि बाईंना त्यांचेच शब्द क्षणभराने परत ऐकू येऊ लागले. हल्लीची यंत्रे हा प्रतिध्वनी बऱ्याच अंशी पुसून टाकतात, तरी कौलारू खोलीत आणि पावसाच्या आवाजात त्यांचा अंदाज चुकतो. हेडफोन लावला आणि प्रतिध्वनी थांबला.

आवाज इतक्या दूर जातो तरी कसा, हे मी त्या रात्री थोडे वाचून समजावून घेतले, आणि ते समजल्यावर दुसऱ्या दिवशीच्या अडचणींनी मी गांगरलो नाही. मायक्रोफोन आपल्या आवाजाचे विजेच्या लहरींत रूपांतर करतो; संगणक त्या लहरी सेकंदाला हजारो वेळा मोजून त्यांचे आकडे करतो, ते आकडे दाबून लहान करतो, आणि साधारण वीस सहस्रांश सेकंदांच्या बोलण्याचे एकेक पुडके बांधून ते रवाना करतो. समुद्राखालून आणि रस्त्याच्या कडेने टाकलेल्या काचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर या वेगाने जातो, म्हणजे आमच्या गावाहून मुंबईला पोचायला त्याला दोन सहस्रांश सेकंदही पुरतात. जो विलंब आपल्याला जाणवतो तो बहुतेक पुडकी बांधण्यात, मधल्या संगणकांवरून ती वळवण्यात आणि पलीकडे क्रमाने लावून उलगडण्यात होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने संभाषण सुखाने चालावे म्हणून एका दिशेचा विलंब दीडशे सहस्रांश सेकंदांच्या आत असावा असे सुचवलेले आहे. त्यापलीकडे गेला की दोन माणसे एकाच वेळी बोलू लागतात, एकाच वेळी थांबतात, आणि 'आपण बोला', 'नाही, आपण बोला' असे सुरू होते. एखादे पुडके वाटेत हरवले तर यंत्र त्याच्यासाठी थांबत नाही, अंदाजाने ती फट भरते. आवाज तुटतो तो तेव्हा. चित्राचा भार आवाजाच्या कितीतरी पट असतो. आवाजाला सेकंदाला शंभर किलोबिटांहूनही कमी वाट पुरते, चित्राला त्याच्या अनेकपट लागते, म्हणून नेट कमकुवत असेल तर आपला कॅमेरा बंद करावा, शब्द वाचतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता मी लिंक दाबली. वक्ते यायचे होते. पडद्यावर परिसंवादाचे नाव होते आणि कडेला चॅटच्या चौकटीत एकेक ओळ खालून वर सरकत होती. सूत्रधारांनी 'आवाज येत असल्यास आपल्या गावाचे नाव लिहावे' अशी विनंती केली होती, आणि तिला उत्तर म्हणून नावे येऊ लागली: गडहिंग्लज, शहादा, सेलू, कणकवली, अहेरी, वैजापूर, मंगळवेढा, अचलपूर, पुन्हा गडहिंग्लज, डिचोली. एका नावावर नजर ठरेपर्यंत पाच नवी नावे येत. पुण्याच्या किंवा मुंबईच्या सभागृहात मी सहा वेळा गेलो होतो, पण तेथे अहेरीचा वकील मला कधी भेटला नव्हता. भेटण्याचे कारणच नव्हते, कारण त्याला मुंबई माझ्याहूनही कितीतरी लांब. मी आमच्या गावाचे नाव लिहिले, आणि ते इतर नावांच्या मागोमाग वर सरकत दिसेनासे झाले. एखाद्या पुकाऱ्याला उत्तर दिल्यासारखे मला वाटले.

व्याख्यान इंग्रजीत सुरू झाले. वक्ते उच्च न्यायालयात वकिली करणारे आणि विषयावर प्रभुत्व असलेले होते. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने पुराव्याच्या जुन्या कायद्यात कलम ६५-ब कसे घातले गेले, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या निकालात त्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा आग्रह कसा धरला, आणि पुढे मतभेद कसे निर्माण झाले, हे ते क्रमाने सांगत होते. येथे मला एक कबुली दिली पाहिजे. पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत माझ्या टेबलावर सोमवारच्या कामाची फाइल उघडी होती, फोनवर एक निरोप आला तो मी वाचला, कारकुनाने दारातून एक सही मागितली ती मी दिली, आणि मान वर करून पाहिले तो वक्ते एका वेगळ्याच निकालावर बोलत होते, मधला धागा मला सापडेना. सभागृहात असे झाले नसते. शेजारी बसलेल्या माणसाचा संकोच, समोरच्या वक्त्याची नजर, दार उघडून बाहेर पडण्यातली अवघडलेपणाची भावना, ही सगळी मिळून तेथे माणसाला जागेवर धरून ठेवतात. येथे त्यांतले काहीच नव्हते. यंत्राच्या नोंदीत मी हजर होतो. माझा रोजनामा मी प्रामाणिकपणे लिहिला असता तर त्या वीस मिनिटांपुढे 'गैरहजर' असेच लिहावे लागले असते.

मी फाइल बांधून ठेवली, फोन कारकुनाच्या हाती दिला, दार लोटून घेतले, आणि कोरा कागद पुढे ओढून लिहीत ऐकू लागलो. हे करताना मला आमच्याच राज्यातील एका खटल्याची आठवण झाली. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या प्रकरणात अमेरिकेतील एका वैद्यकीय तज्ज्ञाची साक्ष घ्यायची होती, ते भारतात येऊ शकत नव्हते, आणि आरोपीच्या 'उपस्थितीत' साक्ष नोंदवली पाहिजे असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७३ सांगत होते. एप्रिल २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की उपस्थिती म्हणजे केवळ एका खोलीत शरीराने असणे नव्हे. जो पडद्यावर दिसतो, ऐकू येतो, ज्याला प्रश्न विचारता येतो, त्याची साक्ष उपस्थितीतच झाली असे मानता येईल. तो निकाल मी त्या वेळी वाचला होता आणि सोयीचा म्हणून मनात टिपून ठेवला होता. परंतु दिसणे, ऐकणे आणि प्रश्न विचारणे या तिन्ही गोष्टी त्या उपस्थितीत गृहीत धरलेल्या आहेत, याचा अर्थ माझ्या ध्यानात आला तो या शनिवारी, समोरची फाइल बांधून ठेवताना.

त्यानंतरचा तास माझ्या आयुष्यातील उत्तम व्याख्यानांपैकी एक होता. वक्ते जालन्याच्या निवडणूक-खटल्याकडे वळले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात २९६ मतांच्या फरकाने निकाल लागला. विजयी उमेदवाराचा अर्ज मुदतीनंतर, म्हणजे दुपारी तीननंतर, दाखल झाला असा आक्षेप होता, आणि त्याचा आधार होता निवडणूक कचेरीतील कॅमेऱ्याचे चित्रण. ते चित्रण ज्यांच्या ताब्यात होते त्या अधिकाऱ्यांकडे आक्षेप घेणाऱ्यांनी वारंवार प्रमाणपत्र मागितले आणि ते मिळाले नाही. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले, आणि त्याचबरोबर हेही सांगितले की ज्याने ते मिळवण्यासाठी हातातले सगळे उपाय केले त्याच्यावर अशक्य गोष्टीचा भार टाकता येणार नाही, आणि ते मिळत नसेल तर न्यायालयाकडे अर्ज करून मागवता येते. नव्या कायद्याच्या कलम ६३ खाली आता या प्रमाणपत्राचा नमुनाच परिशिष्टात दिलेला आहे. त्याचा 'अ' भाग पुरावा देणाऱ्याने आणि 'ब' भाग तज्ज्ञाने भरायचा, आणि दोहोंत त्या नोंदीचे 'हॅश' मूल्य लिहायचे.

हॅश म्हणजे काय हे त्यांनी बोलून सांगितले नाही, दाखवले. स्वतःच्या संगणकाचा पडदा सगळ्यांपुढे उघडून त्यांनी एका कल्पित साठेखताचा मजकूर घेतला, एस.एच.ए.-२५६ नावाच्या गणिती पद्धतीतून तो काढला, आणि खाली चौसष्ट चिन्हांची एक ओळ उमटली, शून्य ते नऊ हे अंक आणि इंग्रजीतील पहिली सहा अक्षरे यांची मिसळ. मग त्यांनी साठेखताच्या शेवटच्या वाक्यातील पूर्णविराम पुसला. एक ठिपका, मजकुराचा अर्थ तसूभरही बदलला नव्हता. पण खालची ओळ संपूर्ण वेगळी झाली. पूर्णविराम परत टाकला, आणि पहिली ओळ जशीच्या तशी परत आली. व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवलेले छायाचित्र वाटेत लहान केले जाते, म्हणून त्याचे हॅश मूल्य मूळ छायाचित्राशी जुळत नाही, आणि म्हणून पक्षकाराने फोटो पाठवला की समाधान न मानता त्याचा मूळ फोन सांभाळायला सांगा, असे ते म्हणाले तेव्हा मी कागदावर त्याखाली दोन रेघा ओढल्या. सभागृहात हे प्रात्यक्षिक मला तिसाव्या रांगेतून दिसले नसते. येथे तो पुसला गेलेला पूर्णविराम माझ्या डोळ्यांपासून दीड हातावर होता. १९६८ च्या डिसेंबरात संगणक-संशोधक डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभेत पडद्यावर मजकूर उघडून दूर मेन्लो पार्क येथील सहकाऱ्याबरोबर तो एकाच वेळी हाताळून दाखवला, त्या प्रयोगाचे हे आजचे रूप आहे.

साडेअकराच्या सुमारास वीज गेली. ऑगस्टमध्ये आमच्याकडे हे नित्याचेच. इन्व्हर्टरमुळे दिवा राहिला, पण नेटची पेटी वेगळ्या जोडणीवर असल्याने ती बंद पडली आणि वक्त्यांचा चेहरा अर्ध्या उच्चारात थिजला. बाईंनी त्यांच्या फोनचे नेट लॅपटॉपला जोडून दिले, मी तीच लिंक पुन्हा दाबली, आणि चार मिनिटांनी परत आत आलो. तेवढ्यात काय बोलणे झाले ते मी चॅटमध्ये विचारले, आणि कोणी एका अनोळखी सहव्यावसायिकाने तीन ओळींत ते लिहून दिले. पेटीही इन्व्हर्टरवर घेणे, आणि फोन पुरता चार्ज करून जवळ ठेवणे, या दोन तजविजी मी आता कायमच्या केल्या आहेत.

प्रश्नोत्तरांच्या वेळी मी 'हात वर करा' ही खूण दाबली. माझ्याकडे एका आंब्याच्या बागेच्या मक्त्याचे प्रकरण होते. बोलणे फोनवर झाले, ते ध्वनिमुद्रित झाले, पण तो फोन पक्षकाराच्या मुलाचा, आणि मुलगा फोनासकट नोकरीला आखातात गेलेला. पाच-सहा जणांनंतर माझे नाव घेतले गेले. पडद्यावर अनुमतीची चौकट आली, मी ती स्वीकारली, बोलू लागलो, आणि सूत्रधार म्हणाले, ''वकीलसाहेब, आपला आवाज बंद आहे, खालचं माइकचं चिन्ह दाबा.'' ते दाबले. मी तयारी केली होती ती इंग्रजीत. पण त्या क्षणी, कॅमेऱ्याच्या त्या ठिपक्याकडे पाहत, मी मराठीत विचारले. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा आमच्या राज्यात १९९८ पासून मराठी आहे, मी रोज बोलतो ती मराठीतच. वक्ते क्षणभर थांबले, आणि मराठीत उत्तर देऊ लागले: फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचीच सही 'अ' भागावर घ्या, ती मागितल्याचे प्रत्येक पत्र आणि निरोप जपून ठेवा, आणि मिळाली नाही तर जालन्याच्या निकालातील वाट धरा. 'ब' भागावर सही करणारा तज्ज्ञ तालुक्याच्या गावी कोठून आणायचा, असे मी पुढे विचारले. त्यावर त्यांनी हात जोडले आणि हा प्रश्न शासनाने आणि न्यायालयांनी सोडवायचा आहे, असे स्पष्ट सांगितले. माझ्यानंतरच्या सगळ्यांनी प्रश्न मराठीत विचारले.

परिसंवाद संपला तेव्हा पडद्यावर एक वाक्य आले आणि चौकट मिटली. हा शेवट मला फार कोरडा वाटला. सभागृहातील कार्यक्रम असा मिटत नाही; चहाच्या टेबलापाशी वक्त्यांना गाठून जे विचारता येते, एखाद्या ज्येष्ठाने खांद्यावर हात ठेवून जे सांगितलेले असते, ते बहुधा व्याख्यानाहून अधिक काळ टिकते. शिवाय मी दमलो होतो. दिवसभर न्यायालयात उभा राहूनही इतका दमत नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये या शिणवट्याची जी कारणे मांडली, त्यांत चेहऱ्यांची अनैसर्गिक जवळीक, स्वतःचे प्रतिबिंब सतत पाहणे, हालचालीला आलेला बंध आणि खुणांवाचून समोरच्याचा भाव ओळखण्यात मेंदूवर पडणारा ताण ही प्रमुख आहेत. प्रश्न विचारून झाल्यावर मी स्वतःचे चित्र बंद केले तेव्हा खरोखरच हलके वाटले.

संध्याकाळी ई-मेलवर उपस्थितीचे प्रमाणपत्र आले. किती मिनिटे लिंक उघडी होती एवढ्यावरून ते यंत्राने काढलेले होते, आणि पहिली वीस मिनिटे ज्याने सोमवारच्या फाइलीला दिली त्यालाही ते पूर्ण वेळेचे मिळाले होते. आयोजकांनी याचा विचार करावा असे मला कळकळीने वाटते. टिपण दोन दिवस आधी पाठवावे, मध्ये दहा मिनिटांची विश्रांती ठेवावी, प्रश्न मराठीत विचारता येतील हे आरंभीच सांगावे, आणि प्रमाणपत्र द्यायचेच असेल तर ते दोन प्रश्नांच्या लेखी उत्तरांवर द्यावे. ज्यांना रात्रीच्या गाडीने येणे कधीच जमणार नाही अशा माणसांपर्यंत विद्या पोचवण्याचे हे साधन हाती आलेले आहे, ते नुसत्या कागदी हजेरीत वाया जाऊ नये.

सोमवारी बाररूममध्ये मी माझा कागद वाचून दाखवला. हॅशचा पूर्णविराम सांगताना दोघातिघांनी खुर्च्या जवळ ओढल्या, आणि ज्याच्याकडे तसाच एक कज्जा होता त्याने मध्येच थांबवून कलम पुन्हा विचारले. पुढचा परिसंवाद चौथ्या शनिवारी होता, विषय घटनास्थळाच्या चित्रीकरणाचा. आम्ही आठ जणांनी ठरवले की तो आपापल्या घरी ऐकायचा नाही. बाररूमच्या कपाटांसमोरच्या भिंतीवर बाईंनी पांढरी चादर ताणून बांधली, कोणाच्या तरी मुलाचा प्रोजेक्टर आणला, एकच लॅपटॉप आणि एकच माइक टेबलाच्या मध्यभागी ठेवला, आणि गावाचे नाव लिहायची वेळ आली तेव्हा आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ वकिलांनी चष्मा लावून, एकेक अक्षर शोधत, ते स्वतः टाइप केले. मधल्या विश्रांतीत कारकुनाने चहा आणला.